सोलापुरात राहून अस्वस्थ करणारी छायाचित्रे कशी काढावीत

लग्नाच्या ऑर्डरीत काय काढायचे ते यजमान सांगतात, जाहिरातीत कंपनी सांगते आणि वर्तमानपत्रात संपादक सांगतो. कलाछायाचित्रकाराला ते कोणीच सांगत नाही. विषय त्याने निवडायचा, पैसा त्यानेच घालायचा, मालिका पूर्ण होईपर्यंत दोन-तीन वर्षे कोणी विचारपूस केली नाही तरी काम चालू ठेवायचे आणि शेवटी मोजक्या प्रती काढून त्या दालनात लावायच्या व विकायच्या, असा हा व्यवसाय आहे. त्यातही ज्यांना पाहणाऱ्याला अस्वस्थ करणारे काम करायचे आहे, त्यांच्या वाट्याला रद्द झालेली प्रदर्शने, नातलगांचे प्रश्न आणि क्वचित पोलीस ठाण्याची पायरीही येते. मी अठरा वर्षे सोलापुरात लग्नांची कामे करते आणि गेली अकरा वर्षे त्यांच्या जोडीने माणसांच्या अंगावरच्या खुणांची, म्हणजे भाजल्याच्या, शस्त्रक्रियेच्या आणि कामाने पडलेल्या व्रणांची छायाचित्रे काढते. या वाटेने येऊ पाहणारी मुले-मुली भेटतात तेव्हा त्यांना जे सांगते, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

कॅमेऱ्याआधी वही

मला दाखवायला आणलेल्या कामांत सर्वांत जास्त वेळा दिसते ते बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीपुढे उभे केलेले उघडे शरीर. त्यात मेहनत असते, प्रकाशही चांगला असतो, पण हे शरीर येथे का आहे या प्रश्नाला उत्तर नसते. आणि ज्या छायाचित्रापाशी हे उत्तर नसते त्याची बाजू पुढे दालनातही मांडता येत नाही आणि न्यायालयातही नाही. म्हणून आधी वही घ्यावी. आपल्या गावात लोक कोणत्या गोष्टी बोलताना आवाज खाली आणतात, एवढेच किमान सहा महिने त्या वहीत लिहावे. माझा विषय मला एका लग्नात मिळाला. नवरीच्या काकूंनी मला मंडपाच्या कडेला नेले आणि "ताई, डावा गाल येऊ देऊ नका, स्टोव्हने भाजलाय" असे सांगितले. त्या दिवशीच्या सातशे-आठशे छायाचित्रांत तो गाल एकदाही येणार नाही याची मी काळजी घेतली. रात्री घरी बसून निवड करताना लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक लग्नात असे कोणीतरी मला काही सांगते, आणि गेली सात वर्षे लोकांना लपवण्याचे काम मी चोख करत आले आहे.

इतरांचे काम पाहतानाही अस्वस्थता नेमकी कोठून येते ते शोधावे. सुनील गुप्ता यांनी १९८०च्या दशकात दिल्लीतील समलिंगी पुरुषांची छायाचित्रे हुमायूनची कबर, इंडिया गेट अशा सर्वांच्या परिचयाच्या ठिकाणी काढली. त्यांत धक्का देणारे वरकरणी काहीच नाही. समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा असताना ही माणसे भर शहरात, वारसावास्तूंच्या सावलीत उभी आहेत, एवढ्यानेच पाहणारा थबकतो. तो गुन्हा पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांना गटारात आणि कचऱ्याच्या गाडीवर काम करताना दाखवले. रोज ज्यांच्यावरून नजर वळते त्यांच्याकडे पाहायला लावणे हीच त्या कामाची धार आहे. गौरी गिल यांनी जव्हारमध्ये बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवासाठी मुखवटे करणाऱ्या आदिवासी कलाकारांना देवांऐवजी आजच्या जगण्याचे मुखवटे करायला सांगितले आणि ते घालून दवाखान्यात, दुकानात, घरात बसलेल्या माणसांची छायाचित्रे काढली. या तिन्ही कामांची धार उघड्या शरीरातून आलेली नाही. उघडे शरीर वापरूच नये असे मी म्हणत नाही, माझ्या स्वतःच्या कामात ते आहे. विषयाने ते मागितले पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे.

सोलापुरात विषयांना तोटा नाही. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा एका रस्त्यावर ऐकू येतात आणि प्रत्येक भाषेतले न बोलायचे विषय वेगळे आहेत. मात्र गड्ड्याची जत्रा किंवा पंढरीची वारी यांसारख्या श्रद्धेच्या जागी धक्का देण्याच्या हेतूने कॅमेरा नेऊ नये. तेथे तुमचा प्रश्न कोणी ऐकत नाही, फक्त दुखावले जाते, आणि मालिकेतील बाकीची प्रामाणिक छायाचित्रेही त्याच रागात वाहून जातात.

उजेड आणि प्रत

तंत्राबद्दल थोडक्यात. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर बाहेर माणसाचे छायाचित्र काढू नये, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात आणि घामाने कातडी चकाकते. घरातील उत्तरेकडचे दार किंवा खिडकी शोधावी. जुन्या गिरण्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी बांधून काचा उत्तरेला ठेवत, ते दिवसभर सारखा उजेड मिळावा आणि थेट ऊन आत येऊ नये म्हणूनच. तोच उजेड आपल्यालाही हवा असतो. व्रण दाखवायचा असेल तर उजेड कडेने यावा, कारण समोरून फ्लॅश मारला की व्रणाचा उंचवटा नाहीसा होतो आणि फक्त डाग उरतो. यंत्रमागाच्या कारखान्यात लेन्स बदलू नये, कापसाचे तंतू सेन्सरवर बसतात.

प्रत मात्र उत्तमच काढावी. सुती कागदावर पिगमेंट शाईने काढलेली, आम्लविरहित बोर्डावर बसवलेली प्रत नीट जपली तर अनेक दशके टिकते, आणि ती टिकणार आहे हेच तुम्ही विकत घेणाऱ्याला सांगत असता. लग्नाच्या अल्बमच्या लॅबमधून काढलेली प्रत कलादालनात देऊ नये.

संमती

छायाचित्र दालनाच्या भिंतीवर पंधरा दिवस असते. त्यातील माणूस त्याच पेठेत, त्याच शेजाऱ्यांत पुढची तीस वर्षे राहतो. मुंबईत अनोळखी राहता येते, येथे अशोक चौकातल्या माणसाला साखर पेठेतही कोणीतरी ओळखतोच. म्हणून या व्यवसायातील सर्वांत जास्त वेळ मी संमतीवर घालवते आणि तुम्हीही घालवावा.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. मालिकेच्या दुसऱ्या वर्षी एका तरुण मुलीच्या पाठीचे छायाचित्र मी समाजमाध्यमावर टाकले. चेहरा दिसत नव्हता आणि तिने तोंडी होकार दिलेला होता. तिच्या खांद्यावरचे गोंदण मात्र चौकटीत राहिले होते, आणि दोन दिवसांत तिच्या आतेभावाने तेवढ्यावरून तिला ओळखले. जुळत आलेल्या सोयरिकीची बोलणी तेथेच थांबली. मी छायाचित्र काढून टाकले, घरी जाऊन तिची आणि तिच्या आईवडिलांची माफी मागितली, पण तोपर्यंत ते किती जणांच्या फोनमध्ये गेले होते याचा हिशेब कोणालाच लागत नव्हता. फोटो काढू का, या प्रश्नाला मिळालेला होकार मी सगळ्यांना दाखवू का, या प्रश्नालाही लागू धरला होता.

तेव्हापासून मी तीन वेगवेगळ्या होकारांचे संमतिपत्र वापरते: छायाचित्र काढण्याचा, प्रत काढून दालनात लावण्याचा आणि विकण्याचा, आणि इंटरनेटवर टाकण्याचा. तिसरा होकार बहुतेक जण देत नाहीत आणि मी तो मागताना आग्रह करत नाही. पत्र त्या व्यक्तीच्या भाषेत असावे. तेलुगू बोलणाऱ्या बाईंकडून मराठी कागदावर सही घेणे म्हणजे संमती घेणे नव्हे. पत्र आदल्या भेटीत घरी ठेवून यावे आणि सही पुढच्या भेटीत घ्यावी. काढलेली सगळी छायाचित्रे छोट्या आकारात दाखवावीत, त्यांपैकी कोणती नकोत ते त्यांना खोडू द्यावे आणि प्रती छापायला देण्याच्या दिवसापर्यंत होकार मागे घेण्याची मुभा लिहून द्यावी. ओळखपत्रावरून वय पाहावे. अठरा वर्षांखालील कोणाचेही या प्रकारचे छायाचित्र आईवडिलांनी हट्ट धरला तरी काढू नये. बैठकीच्या वेळी समोरच्या व्यक्तीच्या विश्वासातील एक माणूस खोलीत असावा. मोबदलाही द्यावा, विडी कामगार बाईची मजुरी हजार विड्यांमागे मोजली जाते, आणि अर्धा दिवस ती तुमच्यासमोर बसली तर तेवढ्या विड्या बुडतात हे विसरू नये.

एक बैठक जवळून सांगते, कारण नियमांपेक्षा त्यातून अधिक कळेल. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतील एका अक्कांचा उजवा स्तन कर्करोगामुळे काढलेला होता. त्यांच्या सुनेने माझे काम पाहिले होते आणि बोलावणे अक्कांकडून आले. पहिल्या दोन भेटींत मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. त्या मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानाला कात्री लावत, चिमूटभर तंबाखू पसरत, पान वळून दोऱ्याने बांधत आणि टोके आत दुमडत बोलत राहिल्या. बोटांची टोके तंबाखूने पिवळसर तपकिरी झालेली होती आणि बोलताना एकदाही त्यांनी हातांकडे पाहिले नाही. तिसऱ्या भेटीत दाराच्या उजेडात बसून त्यांनी स्वतःच पदर बाजूला केला. चेहरा चौकटीबाहेर ठेवू का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तोंड दाखवायचं का नाही, ते मी सांगते. तू तुझं मशीन सांभाळ, बाळा." मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "तोंडासकट काढ. नाहीतर लोकांना वाटंल, मला लाज वाटली." त्या छायाचित्रात व्रण आहे, सूप आहे, अर्धी वळलेली विडी हातात आहे आणि त्या थेट पाहणाऱ्याकडे बघत आहेत. पाहणाऱ्यांची नजर आधी खाली वळते ती त्यांच्या डोळ्यांमुळे, हे मी दालनात उभी राहून अनेकदा पाहिले आहे. ते चित्र ठरवणारी माणसे दोन होती.

कायदा

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि जुन्या दंड संहितेतील कलम २९२, म्हणजे अश्लील साहित्याची विक्री व प्रदर्शन, आता कलम २९४ मध्ये आले आहे. कला, साहित्य, विज्ञान किंवा विद्या यांच्या हितासाठी लोकहितार्थ केलेल्या प्रकाशनाला त्यात अपवाद आहे. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे जुने २९५अ आता कलम २९९ झाले आहे. कलम ७७ नीट वाचावे: स्त्रीने आपल्या खासगी स्थितीतील छायाचित्र काढू दिले पण इतरांना दाखवायला संमती दिली नाही, तरीही ते पसरवले, तर तो गुन्हा आहे. मी वर सांगितलेली चूक कोणत्या कलमाच्या किती जवळ जात होती हे मला नंतर वकिलांनी दाखवले. इंटरनेटवर टाकलेल्या चित्रांना माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६७ आणि ६७अ लागू होऊ शकतात आणि मुलांच्या बाबतीत ६७ब व पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा.

अश्लीलता ठरवण्याची कसोटी बदललेली आहे. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांचे विवस्त्र छायाचित्र, जे तिच्या वडिलांनीच वर्णभेदाविरुद्धची भूमिका म्हणून काढले होते, १९९३ मध्ये कोलकात्यातील प्रकाशनांत पुन्हा छापले गेले आणि खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते अश्लील नसल्याचे ठरवले, १८६८ पासून चालत आलेली, चित्राने कोवळी मने बिघडतील का एवढेच पाहणारी इंग्रजी हिक्लिन कसोटी सोडून दिली आणि चित्र त्याच्या संदर्भात, आजच्या समाजाच्या मापाने पाहावे असे सांगितले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांच्या, कस्टम खात्याने अश्लील म्हणून अडवलेल्या सात कलाकृती सोडण्याचा आदेश दिला. मात्र २०१५ साली गांधीजींवरील एका मराठी कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले आहे की ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी किंवा नावे असभ्य मजकूर घातला तर मोजमाप अधिक कडक राहील.

हे निकाल आधार देतात, पण वेळ परत देत नाहीत. बेकरच्या छायाचित्राला निकालापर्यंत सुमारे वीस वर्षे लागली. प्रबुद्ध दासगुप्ता यांनी १९९५ साली मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांचे अजगरासह काढलेले बुटांच्या जाहिरातीचे छायाचित्र न्यायालयात गेले आणि सुटका २००९ मध्ये झाली. आपल्याच जिल्ह्यातील पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांच्यावरील अश्लीलतेचे काही खटले दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केले, तेव्हा ते देश सोडून गेलेले होते. ते परतले नाहीत आणि २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. पंढरपूरच्या माणसाला आपण परत आणू शकलो नाही, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून वकिलाची ओळख पहिल्या प्रदर्शनाआधी करून घ्यावी, नोटीस आल्यावर नव्हे.

स्वामित्वहक्काचा एक मुद्दा लग्नाचे काम करणाऱ्या सर्वांनी लक्षात ठेवावा. १९५७ च्या कायद्यानुसार छायाचित्र काढणारा हाच त्याचा कर्ता असतो आणि हक्क त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो; पण कोणी पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. लग्नाच्या अल्बममधले एखादे विलक्षण चित्र यजमानांच्या लेखी परवानगीशिवाय आपल्या मालिकेत घेता येत नाही.

दालन

अमेरिकेत विवस्त्र शरीरांची छायाचित्रे काढणारे रॉबर्ट मॅपलथॉर्प यांच्या मरणानंतर काही महिन्यांत, १९८९ मध्ये, वॉशिंग्टनमधील कॉर्कोरन दालनाने त्यांचे प्रदर्शन उघडण्याआधीच रद्द केले. १९९० मध्ये तेच प्रदर्शन लावल्याबद्दल सिनसिनाटीचे कलाकेंद्र आणि त्याचे संचालक डेनिस बॅरी यांच्यावर खटला झाला. ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले, आणि त्यात प्रकाश, रचना, आकार यांविषयी तज्ज्ञांनी दिलेल्या साक्षींचा मोठा वाटा होता. छायाचित्र तुमचे असले तरी दार उघडणारा दालनचालक पहिला अडचणीत येतो. त्याच्या भीतीला भित्रेपणा म्हणू नये आणि त्याच्यापासून काही लपवू नये.

शहरातील एका सभागृहाने माझ्या प्रदर्शनातील सहा छायाचित्रे उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी उतरवायला सांगितली. मला राग आला होता, आणि आजही वाटते की ते चुकले. पण बुकिंग करताना मी त्यांना फक्त मालिकेचे नाव आणि दोन सौम्य चित्रे दाखवली होती, हेही खरे आहे. आता मी प्रत्येक चित्राची छोटी प्रत असलेली यादी देते आणि तिच्यावर व्यवस्थापकांची सही घेते. दारावर फलक असतो, अठरा वर्षांखालील मुलांना पडद्यामागच्या भागात सोडत नाही, आणि प्रत्येक चित्राखाली त्या व्यक्तीने स्वतः सांगितलेली दोन-तीन वाक्ये मराठीसह तिच्या भाषेत लावते. उद्घाटनाच्या आदला दिवस फक्त छायाचित्रांतील माणसांचा आणि त्यांच्या घरच्यांचा असतो. वाद व्हावा म्हणून कोणाला मुद्दाम बोलावू नये. त्या गर्दीतला एकही जण व्रणाकडे पाहत नाही.

वाद झालाच तर रात्री उत्तर लिहू नये, छायाचित्रांतील व्यक्तींची नावे कोणालाही सांगू नयेत, संमतिपत्रांच्या प्रती वकिलाकडे द्याव्यात आणि मूळ फाइली दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात.

पैसा

पहिली पाच-सहा वर्षे या कामावर घर चालणार नाही असे गृहीत धरूनच उतरावे. लग्नाचे काम सोडू नये आणि त्याची लाजही बाळगू नये. दासगुप्तांसारखा छायाचित्रकारही फॅशन आणि जाहिरातींतून कमावत स्वतःचे काम करत होता. प्रत्येक चित्राची मर्यादित आवृत्ती ठरवावी. मी पाच प्रती आणि कलाकाराच्या दोन प्रती ठेवते, प्रतीवर पेन्सिलीने क्रमांक आणि सही करते, प्रमाणपत्र देते आणि त्या आकारात विक्रीची सहावी प्रत कधीही काढत नाही. हा शब्द एकदा मोडला तर संग्राहक परत येत नाही. किंमत ठरवताना कागद, छपाई, फ्रेम, वाहतूक आणि चित्रातील व्यक्तीचा वाटा आधी मांडावा आणि दालन विक्रीच्या निम्म्यापर्यंत कमिशन घेऊ शकते हे धरून चालावे. आवृत्तीतील प्रती संपत जातील तशी उरलेल्यांची किंमत वाढवावी.

फियाप या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघाच्या सलोन स्पर्धांमधून पदव्या मिळवणारे बरेच जण आपल्याकडे आहेत. तेथे हात घोटून निघतो, पण एकेकटे चित्र निवडले जात असल्याने मालिकेचा विचार घडत नाही. त्यापेक्षा पंधरा ते वीस चित्रांचा संच आणि दीडशे-दोनशे शब्दांचे निवेदन तयार करून कलाकारांना अनुदान देणारी बंगळूरुची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, चेन्नई फोटो बिएनाले, मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचे पिरामल दालन अशा ठिकाणी दाखवावे. निवेदन आधी मराठीत लिहावे, मगच इंग्रजीत करावे. मराठीत आईला वाचून दाखवता येत नसेल तर ते अजून नीट झालेले नाही. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला प्रती न्यायच्या असतील तर पेटी सीटखाली ठेवू नये, वरच्या बर्थवर स्वतःच्या अंगाशी ठेवावी.

छापून आलेल्या प्रतींपैकी पहिली प्रत चित्रातील व्यक्तीला द्यावी, विक्रीआधी आणि दालनात लावण्याआधी. अक्कांना दिलेली प्रत त्यांनी भिंतीवर लावली नाही. ती लोखंडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेली आहे. मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा शेजारची एक बाई शस्त्रक्रियेची तारीख मिळाली म्हणून रडत बसली होती. अक्कांनी मांडीवरचे सूप बाजूला ठेवले, कमरेची किल्ली काढली आणि तिच्यासाठी कपाट उघडले.